रावजी कंडक्टरचे अकरा थांबे

रावजी पाष्ट्यांना चित्रकलेतलं काही कळत नाही, आणि ते तसं चारचौघांत सांगतातही. तरीही मांडवीच्या वाटेवरच्या हॉलमध्ये आम्ही काही हौशी लोकांनी ‘निसर्ग आणि आठवणी’ म्हणून छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं, त्यात खरं प्रदर्शन एकट्या रावजींचं झालं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे हे कबूल करणं जरा जिवावर येतं. पण आहे ते आहे.

रावजी एसटीत कंडक्टर होते. लांज्याहून आत गावांकडे जाणाऱ्या गाडीवर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या रस्त्यावर कागदावरचे थांबे चार, आणि माणसं उतरायची पंधरा ठिकाणी. वरचे अकरा थांबे झाडांचे. ‘जांभळीकडे’, ‘जोडआंब्याजवळ’, ‘वडाजवळ’ एवढं म्हटलं की रावजी घंटी द्यायचे. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि एका सकाळी त्या झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे आकडे दिसले. आकडा पडला म्हणजे झाड जाणार. सुट्टीच्या दिवशी रावजी पुतण्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून तो अख्खा रस्ता पायी चालले आणि अकराही झाडांचे फोटो काढून आले. झाडं गेली. थांबे रावजींच्या डोक्यात होते, म्हणून ते निवृत्त होईपर्यंत गाडी त्या त्या जागी थांबत राहिली.

बिघडलं ते त्यानंतर. चिमाकाकू नावाची एक म्हातारी बाजारच्या दिवशी लांज्याला आमसुलं विकायला येते. नजर अधू झालेली. परतताना ती सवयीने ‘वडाजवळ’ म्हणते. पण वडच नाही, तर नव्या माणसाने गाडी थांबवायची कुठे? गाडी तिला पुढच्या शाळेजवळ उतरवू लागली. तिथून दीड किलोमीटर चढण, टोपली डोक्यावर घेऊन मागे. रावजींच्या कानावर हे आलं तेव्हा ते स्टँडवर जाऊन तावातावाने भांडले. साहेबांनी थांब्यांची यादी पुढे केली. यादीत चार नावं होती, साहेबांचं तरी काय चुकलं?

तेव्हा रावजी माझ्याकडे आले. “गुरुजी, तुमच्या भिंतीवर माजी झाडं लावा. डेपोतली पोरं-पोरी बघायला येतील. येकदा बघितलान की इसरनार नाय कोन.”

मी फोटो घेतले, पण रावजींनी खाली लिहिलेला मजकूर मला खुपत होता. ‘वडाजवळ. पूल ओलांडला की दुसरं वळण, डाव्या हाताला. चिमाकाकू, बाजारच्या दिवशी.’ प्रत्येक झाडाखाली असलंच काहीतरी. मी म्हटलं, “रावजी, चित्राखाली एवढं लिहीत नाहीत. चित्रानं स्वतः बोलायला हवं.”

“बोलतं ना ओ,” रावजी म्हणाले. “पन पत्ता कोन सांगनार?”

मी मजकुरासकट फोटो भिंतीवर लावले.

तीन दिवस गर्दी बरी झाली. एका विद्वानाने बुंध्यावरच्या आकड्यांत काय काय गहन अर्थ शोधले. एका बाईंना ते आकडे चित्रांचे क्रमांक वाटले आणि ते ओळीने नाहीत म्हणून त्या माझ्यावर उखडल्या. रावजींना कशाशीच देणंघेणं नव्हतं. ते दाराकडे डोळे लावून बसायचे. खाकी कपड्यातलं एकही माणूस फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “उतरवा गुरुजी. उगाच भिंत अडवली मी तुमची.” मला फार वाईट वाटलं; म्हटलं, उद्याचा शेवटचा दिवस होऊ दे.

शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी आली. खाकी गणवेश, काखेत जेवणाची पिशवी. दर्शना तिचं नाव. ती वडाच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग रावजींकडे वळली.

“काका, चिमाकाकूंना पुढं नेणारी मीच. मी दापोलीकडची, मला काय ठाऊक? मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय.”

मी मनातल्या मनात डोळे मिटून घेतले. रावजींचा राग साऱ्या तालुक्याला माहीत. पण ते नुसते उठले, त्यांनी तिला अकराही फोटोंखालचा मजकूर वाचायला लावला आणि मग ते म्हणाले, “फोटोकडं पाठ कर. लांज्यापास्नं सुरू कर. चुकलीस तर पयल्यापास्नं.” त्यांच्या वस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं.

दर्शना सहाव्या थांब्यावर अडखळली. पुन्हा सुरुवात. मग नवव्यावर. बाकीची चित्रं सोडून लोक भोवती गोळा झाले. चौथ्या खेपेला तिने अकराही थांबे वळणांसकट घडाघडा म्हटले. एवढ्या नोकरीत कुणाला शाबासकी न दिलेला हा माणूस, चष्मा काढून सर्वांदेखत रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि माझेही डोळे कोरडे नव्हते.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी मुद्दाम त्या गाडीने गेलो. पूल गेला, दुसरं वळण आलं. चिमाकाकू तोंड उघडायच्या आत दर्शनाने घंटी दिली. म्हातारी दांडा धरून सावकाश खाली उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि दाराकडे तोंड करून तिने विचारलं, “रावजी परत आला काय गो कामावर?”

“होय काकू, आला,” दर्शना म्हणाली.