गच्चीवरचं ग्रेडिंग

"वरचं पाहू नये, बाबू."

हे वाक्य कानावर आलं की समजायचं, साहेबांचा उजवा हात कोपरापर्यंत कशात तरी खुपसलेला आहे. बहुतेक वेळा तो कापसाच्या गाडीत असे. पण आठवडी बाजारात कांद्याच्या पोत्यात आणि एकदा तर लग्नाच्या मांडवामागे बुंदीच्या टोपल्यात गेलेला तो हात मी पाहिलेला आहे. तळाशी जायचं, मूठभर माल वर काढायचा, तोंड वाकडं करायचं आणि निकाल सांगायचा. निकाल क्वचितच चांगला असायचा.

ते वणीच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते आणि मी त्याच केंद्रावर काट्यावरचा बाबू. आलेल्या गाडीचा कापूस कोणत्या दर्जाचा, हे ते सांगत. त्याचं वजन मी करत असे. सुपर, एफएक्यू म्हणजे सरासरी बरा, मग फेअर आणि सगळ्यात खाली रिजेक्ट, एवढीच त्यांची बाराखडी. घरंही आमची भिंतीला भिंत लागून. म्हणजे दिवसभर केंद्रावर एकमेकांचं तोंड पाहायचं आणि संध्याकाळी गच्चीवर पुन्हा तेच. एवढ्या सहवासात माणूस एकतर आवडेनासा होतो किंवा त्याच्याशिवाय करमेनासं होतं. माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

केंद्रावरची भाषा त्यांच्या घरात, देवघरापर्यंत शिरली होती. वहिनींची भाजी 'फेअर', मुलीसाठी आलेली स्थळं 'ओली', आणि मुलगी वृंदा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा, "एफएक्यू आहे. बरं आहे." पोरगी त्या दिवशी जेवली नव्हती, हे मला वहिनींनी सांगितलं.

ही वृंदा पुढे शिकायला नागपूरला गेली आणि तिथून पुण्याला, एका लहानशा बियरच्या कारखान्यात लागली. क्राफ्ट बियर म्हणतात तिला. थोडी थोडी बनवायची, तऱ्हेतऱ्हेची बनवायची आणि महाग विकायची. नातेवाइकांना 'फूड कंपनीत आहे' असं सांगितलं जाई. खोटंही नव्हतं ते. जव म्हणजे धान्यच की. आमच्या गावाला बियरचं अप्रूप नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे वणीत तेव्हा किराणा दुकानांपेक्षा बार ठळक दिसत. पण मुलीनं स्वतःच्या हातानं केलेली बियर ही गोष्ट वेगळी. ती कुठं ठेवावी आणि तिला काय म्हणावं, हे त्या घराला पटकन कळलं नाही.

पहिल्या दिवाळीला तिनं पिशवीभर बाटल्या आणल्या. वहिनींनी त्या स्वयंपाकघरात येऊ दिल्या नाहीत. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवल्या, सोबत स्टीलचे दोन जुने ग्लास, घरातल्या भांड्यांतून कायमचे वेगळे काढलेले. शिवाय एक अट घातली. "कारखान्यात करते ते करू दे. पेणाऱ्याइच्या पंगतीत पोरगी बसनार नाही." म्हणून वृंदा खाली चकल्या तळत बसायची आणि वर आम्ही दोघं परीक्षक. त्यातला मी नावापुरता. मला दोन घोटांत झोप येते.

ते मात्र कामाला लागायचे. गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचा, चूळ भरायची, ग्लास उत्तरेकडच्या उजेडात धरायचा. कापूसही ते तसाच पाहत. मग निकाल.

"नमी जास्त आहे."

"साहेब, बियर आहे. ओल नसेल तर काय असेल?"

"तुमी वजन करा, बाबू. ग्रेड मले पाहू द्या."

काळ्या बियरला ते म्हणाले, "कोळशाच्या सायडिंगजवळचा माल दिसते." संत्र्याच्या बियरला म्हणाले, "संत्रं सोडून सगळं आहे." एक आंबट निघाली, तर तोंड धुऊन आले. "गंजीत ओल गेली हिच्या." वृंदा जिन्यातून ओरडली, "बाबा, ती आंबटच असते!" यांनी वरून ओरडून उत्तर दिलं, "मंग लिंबू सरबत म्हण ना. बियर कायले म्हनून राह्यली?"

वृंदा हे सगळं फोनवरून पुण्याला कळवायची. तिथले तिचे सोबती म्हणे या निकालांची वाट पाहत. 'वणीचा माल-तपासणीस काय म्हणतो' असं विचारत आणि हसत. तीही हसायची. पण जिन्यात उभी राहून ती कान देऊन ऐकत असे, ते हसण्यासाठी नव्हे, हे मला दिसत होतं. तुम्हीही कुणा बापाच्या तोंडाकडे असं पाहत उभे राहिला असाल. तिला एकदाच चांगलं ऐकायचं होतं. दरवर्षी बाटल्या बदलत, निकाल फेअरच्या वर जात नसे.

तिसऱ्या दिवाळीला तिनं आईची अट मोडली. चकल्यांची परात घेऊन सरळ वर आली आणि टाकीच्या कट्ट्यावर बसली. तेव्हा तिला प्रथमच दिसलं की तिचे वडील बियर कशी पितात.

ते बाटली उघडत. वरची अर्धी मला ओतत. उरलेली अर्धी उघडीच बाजूला ठेवत. मग चिवडा, केंद्रावरच्या गोष्टी, पगार, गुडघे. बऱ्याच वेळानं ती कोमट, फेस मेलेली अर्धी बाटली आपल्या ग्लासात पार तळापर्यंत रिकामी करत आणि चाखत. गाडीवर वरचा थर नेहमी चांगल्या कापसाचा असतो. माल कळतो तो तळाचा. आयुष्यभर केलं तेच ते इथं करत होते. आणि या असल्या बियरच्या तळाशी गाळ बसलेला असतो, तो तेवढा नेमका पोटात घेत होते.

वृंदानं कपाळाला हात लावला. "बाबा! तीन वर्षं तुम्ही मला मेलेल्या बियरवर मार्क देताय?"

"मंग? वरचं सगळ्याइचंच चांगलं असते."

"ही गाडी नाही ना, बाबा! एकदा वरून प्या. माझ्यासाठी."

त्यांनी वरून प्यायली. जिभेवर घोळवली, गिळली, आणि अपराध्यासारखे बसून राहिले. "असं नाही सांगता येत मले," म्हणाले. "वरचं पाहून ग्रेड देल्ली तर झोप नाही लागत." मी हसलो. वृंदा हसली नाही, पण रागावलीही नाही. नुसती बघत राहिली त्यांच्याकडे.

पुढचं साल बोंडअळीचं. त्या सालाबद्दल लिहायचा मला कंटाळा येतो. ते साल आठवलं तरी खांदे दुखतात. कापूस वरून पांढरा आणि आत पिवळट, अळीनं खाऊन घट्ट कवड्या पडलेला. केंद्राबाहेर गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीत यांचा हात जाणार. तो आत जाताना गाडीवाला श्वास धरायचा आणि बाहेर येताना मान खाली घालायचा. साहेब दिवसभर एकच शब्द बोलत. संध्याकाळपर्यंत तो शब्दही नीट उच्चारत नसत, नुसता हात हलवत. एक म्हातारी स्वतः गाडीवर बसून आली होती. ती म्हणाली, "साहेब, लेकरा, या बारीनं वरवर पाह्य ना रे." त्यांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसावा तसा पँटीला पुसत राहिले. मग नियमानं जे सांगायचं तेच सांगितलं. त्या दिवशी ते डबा न उघडता घरी आले.

त्या वर्षी वृंदाला दिवाळीत यायला जमलं नाही. ती नाताळच्या सुट्टीत आली. एकच बाटली आणली होती. तिची स्वतःची पहिली बियर. कृती तिची, नावही तिनंच ठेवायचं होतं. जिन्यात तिनं मला थांबवून सांगितलं, "काका, ही ज्वारीची आहे. आणि ही तळ हलवूनच प्यायची असते. मुद्दाम तशी केली. गाळ हाच तिचा जीव आहे. बाबांना सांगू नका, त्यांना कळू दे." बोलताना तिचे कान लाल झाले होते. मालकाला तिनं म्हणे महिनाभर पटवलं होतं.

गच्चीवर तिनं ग्लास वडिलांच्या हातात दिला. त्यांनी धरला. उत्तरेकडे फिरवला नाही, वासही घेतला नाही. तसाच कट्ट्यावर ठेवून दिला.

"आज नाही, पोरी."

"बाबा, एक घोट."

"माह्या तोंडातून आता एकच शब्द निघते. तुह्या बाटलीले तो कायले लावू?"

मला त्यांचं म्हणणं कळलं, कारण मी दिवसभर त्यांच्या शेजारी उभा होतो. तिला कसं कळावं? ती पुण्याहून रात्रभर प्रवास करून आली होती. तिला एवढंच दिसलं की बापानं तिची बियर चाखायलाही नकार दिला. पुण्याचं मराठी गळून पडलं तिचं. "रिजेक्टच म्हना ना मंग! तेवढं तरी म्हना!" असं म्हणून ती खाली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत.

पुढच्या दिवाळीला ती आली नाही. फोनवर 'हंगाम आहे, कामं आहेत' असं सांगितलं. हंगाम आम्हालाही होता. साहेबांनी टाकीजवळचे ग्लास काढून घासले आणि पुन्हा जागेवर ठेवले. मला राहवलं नाही. ती बियर तिनं कुणासाठी आणि कशी बनवली होती, ते मी सांगून टाकलं.

ते बराच वेळ तळहातावर खर्रा घोटत बसले. "हे तुमी मले तवाच काहून नाही सांगतलं?" एवढंच म्हणाले. तिनं नको म्हटलं होतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. खाली जाऊन फोन लावतील असं मला वाटलं होतं. लावला नाही. बापलोकांना फोन लावता येत असता तर जगातली निम्मी दुखणी बरी झाली असती.

मग खरं दुखणं आलं. तोंडात गालाला फोड झाली होती. ती बरी होईना म्हणून नागपूरला दाखवलं. खर्ऱ्यानं जे करायचं ते केलेलं होतं. वृंदा पुण्याहून निघून थेट दवाखान्यात आली. त्या दोघांमध्ये त्या वर्षाचा विषय निघाला नाही. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक सुरू झाले. शेकांनी जिभेची चव गेली. वरणात मीठ आहे की नाही, हेही त्यांना समजेना. वहिनी सवयीनं विचारत, "कसं झालं?" आणि ते हातानंच 'बरं आहे' म्हणत.

त्यानंतर त्यांना एकच दिवाळी मिळाली. ते माघात गेले. केंद्रावरून आम्ही सगळे गेलो होतो, आणि गाडीवालेही बरेच आले होते, ज्यांचा माल त्यांनी परत पाठवला होता तेही. पण मला सांगायची आहे ती दिवाळीच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती. त्यांना धरून आम्ही वर नेलं, शाल पांघरून खुर्चीवर बसवलं. वहिनीही आपणहून वर आल्या आणि थोडा वेळ बसून दिवा लावायला खाली गेल्या. वृंदा पिशवी घेऊन आली होती, पण तिनं ती उघडली नव्हती.

"बाटली नाही आणली?" त्यांनी विचारलं. शब्द आता जाड येत.

"डॉक्टर नाही म्हणालेत, बाबा."

"एक घोट."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी कोण परवानगी देणारा? शेवटी तिनं पिशवीतून ज्वारीची ती बियर काढली, बाटली हळूच हलवली आणि ग्लासात बोटभर ओतली. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. चमचाभर आत गेली, तेवढीच शालीवर सांडली. डोळे मिटून ते थांबले, अगदी पूर्वीसारखे.

"चांगली झाली," ते म्हणाले. "लय चांगली झाली."

वृंदाचा चेहरा आधी फुलला आणि मग कसनुसा झाला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला मीठसुद्धा कळत नाही. खोटं कशाला सांगता? वाईट म्हटलं तरी चालेल मला. पण माझं मन राखायला म्हणून नका सांगू."

त्यांनी ग्लास मांडीवर टेकवला. बोलायला त्यांना त्रास होत होता, म्हणून आम्ही थांबलो.

"बियर मले नाही समजली," ते म्हणाले. "मी तुले पाहून सांगून राह्यलो."

तिनं त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि तो हात तसाच धरून ती खाली, त्यांच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं जिन्यातून वहिनींची हाक आली, पानं वाढली आहेत, चला. पुन्हा एकदा आली. आम्ही तिघंही उठलो नाही.