भुंगेऱ्याच्या नावापुढचं नाव

भुंगेऱ्याच्या प्रजातीच्या नावापुढे, ते नाव वर्णनासह प्रथम छापणाऱ्याचं नाव लिहितात. आमच्या संग्रहातल्या एका प्रजातीपुढे आजवर माझ्या सरांचं नाव होतं. पण त्यांच्याआधी दुसऱ्याच एकाने त्याच भुंगेऱ्याला नाव देऊन वर्णन छापल्याचं मला सापडलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही हिसकावून घेतोय, अशा अपराधी मनाने मी सरांना ते सांगितलं.

"रंग कोणता लिहिलाय रे त्यानं?"

"जांभळा, सर."

"छट्! हिरवागार आहे."

त्यांनी टाचणीवरचा भुंगेरा खिडकीतल्या उन्हात हळूच फिरवला. हिरव्या पाठीवरून जांभळी झाक पाण्यासारखी सरकत गेली. रानात हा कुणाकुणाला कसा दिसला असेल, आणि त्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल?

"असा कधी फिरवलाच नाही मी," सर पुटपुटले. "त्याचंच नाव लिही."

आणि ते फिरवतच राहिले.