न विणलेली चादर

“फाईल दिसतीय, पण उघडंना,” नरसय्याकाका तिसऱ्यांदा म्हणाले.

भवानी पेठेत मी घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काका चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. कारखाना बंद पडला तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर केलेलं त्यांचं शेवटचं डिझाइन मागावर चढायचं राहिलं. पुढं त्यांच्या मुलानं नवा कॉम्प्युटर घेतला, सगळ्या फाईली त्यात टाकल्या आणि जुना भंगारात दिला.

“काका, नुसती फाईल असून चालत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली, तेही लागतं.”

“मग टाका की ते.”

ते बनवणारी कंपनीच आता नव्हती. शिवाय त्याला डोंगल लागायचं. डोंगल म्हणजे किल्ली. कॉम्प्युटरच्या मागं ती खोचलेली असेल तरच सॉफ्टवेअर चालू होतं.

“ती मागंच होती,” काका हळूच म्हणाले. “मी कधी काढलीच नाही.”

आम्ही दोघं भंगारवाल्याकडं गेलो. “वो पुराना डब्बा? अब्बी तोड्या नै,” तो म्हणाला. सीपीयू ढिगाखाली होता. डोंगल जागेवर होतं. काकांनी शर्टाच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली.

दुकानात आणून लावला, तर मशीन मेलेलं. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, गेला होता. माझ्याकडचा जुना बसवला. पंखा फिरला. हार्ड डिस्क कुरकुरत का होईना, चालली.

स्क्रीनवर हजारो चौकोन आले. एक चौकोन म्हणजे एक धागा, वर उचलायचा की खाली ठेवायचा. चौकोनांमधून मोर उभा राहिला. काकांनी खुर्ची पुढं ओढली. मग एका जागी बोट ठेवलं.

“हितं दोन घरं जादा पडलीत. तवा दिसलं नाही मला.”

मी माउस त्यांच्याकडं सरकवला. दोन्ही घरं त्यांनी बरोबर पुसली.

मी डिझाइन साध्या फोटोच्या फाईलमध्ये सेव्ह केलं. “आता कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल, काका.”

“दिसंल हो,” ते म्हणाले. “विणणार कोण?”

मी प्रिंट काढून दिली. ती दुमडायला नको म्हणून त्यांनी सुरळी केली आणि छातीशी धरून चालत गेले.

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: फाईल कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. नव्या मशीनवर ती उघडून बघा, आणि मगच जुनं घराबाहेर काढा.