मे महिन्यातले चिलखत

शिलेदार कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी गुडघ्यांना ढाली बांधून निघत. बडोद्याच्या तरसालीतील आमच्या सोसायटीच्या फाटकातून भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, दिसत असे. तेवढ्या अंतरासाठी हा गृहस्थ जाड विजार चढवी, पट्टे आवळी, हेल्मेट घाली आणि मगच मोटारसायकलवर पाय टाकी. शेजारी हसत. त्या हसणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे पायाला प्लास्टर घालून गॅलरीत बसलेले मी पाहिले. त्यांना मात्र कोणी हसले नाही. आपल्याकडे पडणाऱ्याची कीव करतात आणि सांभाळणाऱ्याची टिंगल. ही रीत मला कधीच समजली नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

शिलेदार हे त्यांचे आडनाव नव्हे. त्यांचे पूर्वज बडोदे संस्थानाच्या फौजेत घोडेस्वार होते, माझेही होते. फरक इतकाच की, त्यांचे पूर्वज स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस आले, तर माझ्या पूर्वजांना घोडा सरकारने दिला. पहिल्या प्रकारच्या स्वाराला शिलेदार म्हणत, दुसऱ्याला बारगीर. हा भेद त्यांनी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात आमच्या दोघांच्या निवृत्तीपर्यंत पाळला. मी बसने कामावर येई, ते स्वतःच्या गाडीने. "या बारगीर," ते फाटकातच म्हणत, "आज सरकारी घोडं वेळेवर सुटलं वाटतं!" मला राग येई. तरी इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच केले. त्यांचे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: "घोडा आपला, पाय आपले, मग चिलखतही आपलंच."

त्यांची सून मृणाल पादरा गावाच्या रस्त्यावरील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करी. पहिल्या पाळीला बस नव्हती, म्हणून ती मोटारसायकलने जाई, आणि उत्तम चालवी. होळीच्या सुमारास डंपरमधून सांडलेल्या रेतीवर तिची गाडी घसरली. वेग फार नव्हता. पण अंगात पातळ लेगिंग होती. ती गुडघ्यावर उरलीच नाही, आणि तिच्याखालची कातडीही उरली नाही. जखम चिघळली. मुलगी कित्येक दिवस खाटेवर होती.

मग घरात चर्चा सुरू झाली. शिलेदारांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, म्हणाल्या, "आता ती गाडी विकून टाका." त्यांचा मुलगा प्रसाद म्हणाला, "हो बाबा, जवा दो ने, जाऊ द्या ती. कशाला रिस्क?" गाडी गेली की नोकरी जाणार, हे त्या घरात प्रत्येकाला माहीत होते. म्हणूनच "नोकरी सोड" असे कोणी म्हणत नव्हते. सगळे "गाडी विकू" असे म्हणत होते. बाईच्या पायाखालची जमीन आपल्याकडे अशीच, अदबीने काढून घेतात. मृणाल भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तेथेच बसलो होतो. माझा संताप अनावर झाला, पण ते घर माझे नव्हते.

शिलेदारांनी प्रसादच्या हातातील फोन घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "फोनला पाठीमागून कव्हर. काचेला वरून काच. आणि बायकोच्या गुडघ्याला काय रे? लेगिंग?" शिलेदार सुनेकडे वळले. "माझ्यासारखी विजार आणली तर घालशील?"

मृणालने तोंड वळवले. "खरं सांगू, बाबा? आत्ता घालीन. मे महिन्यात नाही घालणार. तुमची ती विजार म्हणजे गोधडी आहे. तुम्ही तरी मे महिन्यात कुठे घालता? दुपारी भाजीला चालत जाता."

मला वाटले, म्हातारा चिडणार. तो खूश झाला. "बारगीर, हिनं मला पकडलं! बरोबर आहे पोरीचं. खुंटीला टांगलेली ढाल खुंटीलाच वाचवते. विजार अशी हवी, की मे महिन्यात अंगावर राहील. घरात ऐका सगळे: मे महिना संपेस्तोवर गाडी विकायची नाही. त्यानंतर ही म्हणेल तसं."

शोध सुरू झाला, आणि त्यात मला नाहक ओढण्यात आले. शिलेदारांच्या मागे बसून मी सबंध बडोदे उन्हात पालथे घातले. एका चकचकीत दुकानात मालकाने अस्तरावर अस्तर लावलेली अवजड विजार पुढे टाकली. "आ तो टॉप मॉडेल छे, काका. बधा आ पहेरीने लडाख जाय छे."

"भाई," शिलेदार म्हणाले, "अमारे पादरा जवानुं छे."

दुकानदाराला त्यात विनोद वाटला. मला वाटला नाही. चैत्रापासून ज्या गावात डांबर मऊ पडते, त्या गावात बर्फाची विजार विकायला ठेवावी आणि वर गिऱ्हाइकाला हसावे, हा उर्मटपणा आहे.

दुसऱ्या दुकानात नुसती जाळी होती. पाहता क्षणी गार वाटेल अशी. शिलेदारांनी कापड तोंडाशी धरून फुंकर मारली आणि पलीकडे हात ठेवून वारा येतो का ते पाहिले. दुकानातील माणसे बघत राहिली. वारा छान येत होता. मग त्यांनी बैठकीवरचे आणि खुब्यावरचे कापड चाचपले. तेथेही तीच जाळी. "मांडीवर जाळी चालेल," ते म्हणाले. "गुडघा, खुबा आणि बैठक इथं नाही चालणार. वारा समोरून येतो, बारगीर. रस्ता बाजूनं येतो." मग गुडघ्याच्या खिशातील गादी बाहेर काढली, माझ्या गुडघ्यावर ठेवली, आणि मी काही म्हणायच्या आत पिशवीतून लाकडी हातोडी काढून तिच्यावर एक ठोका दिला.

मी ओरडलो. तो निव्वळ स्पंज होता.

"माझाच गुडघा का?" मी विचारले.

"तुमचा म्हातारा आहे. खोटं बोलणार नाही."

मी त्या दिवशी त्यांच्याशी परतीच्या वाटेवर बोललो नाही. पण अधिक राग त्या दुकानदाराचा होता. भांडी घासायचा स्पंज काळ्या कापडात शिवून त्याला 'प्रोटेक्शन' म्हणायचे, आणि कोणाची तरी लेक त्याच्या भरवशावर डंपरांच्या गर्दीतून जाणार! यास व्यापार म्हणत नाहीत.

सुभानपुऱ्यातील दुकानात माल खरा होता. गुडघ्याची गादी हातात मऊ, वाकवावी तशी वाकणारी. आणि हातोडीचा ठोका बसताच घट्ट होणारी. माझ्या गुडघ्याला केवळ एक टक् जाणवली. तिच्यावर चाचणीचा छापही होता. बरी झालेली मृणाल त्या दिवशी बरोबर होती. पण विजार पुरुषांच्या मापाची. "लेडीजमां नथी आवतुं," दुकानदार म्हणाला. "जेन्ट्सनुं स्मॉल लई जाव. बहेन ऊभां छे तो बराबर लागे छे ने?"

"ही उभ्यानं गाडी चालवत नाही," शिलेदार म्हणाले. त्यांनी तिला दाराशी लावलेल्या आमच्या गाडीवर बसवले. पाय दुमडताच गुडघ्याची गादी सरकून नडगीवर गेली. दुकानदाराने खांदे उडवले. या शहरात रोज सकाळी हजारो बायका गाडीवर बसून कामाला जातात. त्यांच्यासाठी दुपट्टा बांधायच्या शंभर तऱ्हा बाजारात आहेत, आणि गुडघ्यासाठी एक नाही! मी हे त्या दुकानदाराला मोठ्याने सांगितले. शिलेदारांनी माझा दंड धरला. "रागवू नका. आतला खिसा बघू द्या."

खिशात गादी वरखाली हलवून अडकवता येईल अशा चिकटपट्ट्या होत्या. त्यांनी ती वर चढवली, मृणालला पुन्हा बसवले, हातोडीने हलकेच ठोकले. "बरोबर?"

"बरोबर."

विजार राखाडी होती, वजनाला हलकी. मांड्यांवर जाळी, पडायच्या जागी जाड विणीचे कापड, शिवणी दुहेरी. बाजूने पूर्ण चेन होती, म्हणजे सलवारीवरून चढवता येई आणि कारखान्यात पोचल्यावर बूट न काढता उतरवता येई. तरी शिलेदारांनी तिला भर दुपारी मकरपुऱ्यापर्यंत पिटाळले. परत आली तेव्हा तोंड लाल झाले होते. "गाडी चालू असली की वारा लागतो, बाबा. सिग्नलला उकडतं."

"सिग्नलला उघड्या माणसालाही उकडतं. द्या बांधून."

त्यानंतर रोज पहाटे मी दुधाला निघालो की, त्यांच्या ओट्यावर एकच दृश्य दिसे. मृणाल स्टुलावर गाडीवर बसल्यासारखी बसे, शिलेदार हातोडीने दोन्ही गुडघ्यांवर टक् टक् करीत आणि विचारत, "बरोबर?" आतून वहिनींचा आवाज येई, "झाले का घोड्याला नाल ठोकून? सर्कशीतल्यासारखी सून बाहेर पाठवता, लोक बघतात!" शिलेदार म्हणत, "बघू देत. तिकीट नाही लावलं." मे महिना आला, लू वाहू लागली, मे महिना गेला. विजार एकदाही खुंटीवर राहिली नाही. गाडी विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पाऊस ओसरता ओसरता एका रिक्षाने हात न दाखवता वळण घेतले आणि मृणाल पुन्हा पडली. उजव्या अंगावर घसरत गेली. उठली, गाडी उभी केली, आणि कामावर गेली. संध्याकाळी घरी सांगितले. विजारीचे कापड गुडघ्यावर फाटले होते. आत ओरखडाही नव्हता. शिलेदारांनी त्या भोकात बोट घातले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

बोलले ते खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या घरांतून शस्त्रांची पूजा होते. शिलेदारांच्या घरी पूर्वजांची तलवार पाटावर मांडतात. भाऊबंद जमले होते. शिलेदारांनी तलवारीशेजारी ती राखाडी विजार घडी करून ठेवली, फाटका गुडघा वर.

वहिनी किंचाळल्याच. "सुनेची विजार? देवासमोर? डोकं ठिकाणावर आहे का?"

"ह्या तलवारीनं माझ्या देखत लिंबूसुद्धा कापलेलं नाही," शिलेदार म्हणाले. "हिनं घरचं माणूस घरी आणलंय. आता पाटावर कोणी बसायचं, ते तुम्हीच सांगा."

एक चुलतभाऊ देवाचा प्रसाद न घेता उठला. तो उघड्या डोक्याने, चपला घालून, स्कूटरवर निघून गेला. असल्या माणसांना शस्त्राचे पावित्र्य सांगायचा अधिकार कोणी दिला, हे मला आजवर कळलेले नाही. वहिनींनी पाटाकडे पाहिले, मग सुनेच्या गुडघ्याकडे.

"धुतलेली तरी आहे का?" त्यांनी विचारले.

"कालच," मृणाल म्हणाली.

वहिनींनी तलवार जराशी बाजूला सरकवली.

त्याच हिवाळ्यात शिलेदार गेले. हृदयाने दगा दिला, अंथरुणातच गेले. समाचाराला आलेला तोच चुलतभाऊ म्हणाला, "एवढी चिलखतं घातली आयुष्यभर, शेवटी काय उपयोग झाला?" मी उठून उभा राहिलो. गुडघ्याचा आणि हृदयाचा संबंध काय, हे मी त्यास सर्वांसमक्ष विचारले. ज्या माणसाने अर्धशतक मोटारसायकल चालवली आणि जो दोन धडधाकट पायांनिशी गेला, त्याच्याविषयी असे बोलताना जीभ कशी रेटली, हेही विचारले.

दिवसकार्य आटोपले. मृणालची रजा संपली. पाहुण्यांतील बायकांत कुजबूज चालली होती, की सासरा गेला, आता कोण पाठीशी घालणार. म्हातारी गाडी विकायला लावणार. तशी ही कुजबूज माझ्या कानांवर आली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुधाची पिशवी घेऊन मुद्दाम त्यांच्या ओट्यापाशी थांबलो. वेळ आली असती तर या खेपेस मी बोललो असतो. ते घर माझे नसले तरी.

मृणाल विजार चढवून बाहेर आली. ओट्यावर स्टूल तसेच होते. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली.

"थांब," आतून वहिनींची हाक आली. त्या पोळ्या करता करता उठून आल्या होत्या. हातात लाटणे होते. "बस."

"आई, उशीर होतोय."

"बस म्हटलं ना."

मृणाल स्टुलावर बसली. वहिनींनी वाकून लाटण्याने एका गुडघ्यावर टक् केले, मग दुसऱ्यावर.

"बरोबर?"

तिने मान हलवली. दोन्ही गुडघ्यांवर पिठाचे पांढरे ठिपके उठले होते. ते तिने झटकले नाहीत. गाडी सुरू केली आणि निघाली; पहिली पाळी होती.