पहिल्या रविवारचा पांढरा

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या दिवशी दारावर उभं राहून लोकांना जागेवर बसवणाऱ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. माझी थोरली बहीण व्हर्लीन त्यांतलीच. डावा हात पाठीमागे, हातमोजे इस्त्री केलेले. ती दारात असली की पोरंसुद्धा गप्प बसायची.

बत्तिसाव्या वर्षी एका रविवारी तिच्या पांढऱ्या स्कर्टवर डाग पडला, भर चर्चमध्ये. तिच्या अंगावरून फार जायचं. माशांच्या कारखान्यात काम करताना ती दोन-दोन पॅंटी घालायची, तरी भागायचं नाही. आई म्हणायची, आपल्या घरातल्या बायकांचं असंच असतं, त्याचा काय बोभाटा करायचा. आईचं असंच, आजीचं असंच, मग दुखणं म्हणणार कोण? मिसिसिपीत आमच्यासारख्या काळ्या लोकांच्या घरी हे असंच चालत आलंय.

डागानंतर मात्र ती डॉक्टरकडे गेली. ती खुर्चीत नीट टेकायच्या आत डॉक्टरने सांगितलं, गाठ आहे, गर्भाची पिशवीच काढून टाका. व्हर्लीन घरी येऊन रडली. तिला मूल हवं होतं. नवरा ओटिस तर पाळणासुद्धा रंगवून बसला होता. आणि मी, शहाणी, तिला म्हणाले, "काढून टाक एकदाची. निदान पांढरा तरी निर्धास्त घालशील."

तिने माझं ऐकलं. वर्षभराने ओटिसने पाळणा कुणालातरी देऊन टाकला. त्यानंतर चौदा वर्षं व्हर्लीन बिनडाग पांढऱ्यात दारात उभी राहिली, आणि बायका तिचं कौतुक करत राहिल्या.

यंदा माझ्या लेकीचं, जनेसाचं, तेच सुरू झालं. तिला तालुक्याच्या गावी नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरात कुणाला काय होतं याचे कागद आणा म्हणाल्या होत्या, म्हणून व्हर्लीनही आपली जुनी फाईल घेऊन आली. बाईंनी जनेसाला समजावलं: आतल्या बाजूला एकच गाठ आहे. पोटावर टाका नाही, खालून दुर्बीण घालून गाठ तेवढी काढू, संध्याकाळी घरी. पिशवीला हात लावायचा नाही, पुढे मूलही होऊ शकतं.

मग त्यांनी व्हर्लीनची फाईल उघडली. पान उलटलं, परत मागे आणलं.

"माझीपण अशीच होती का?" व्हर्लीनने विचारलं.

"मी तेव्हा इथे नव्हते."

"ते नाही विचारलं, बाई."

"हो. अशीच होती. एकच."

"आणि ही दुर्बीण? तेव्हा होती?"

बाई खाली बघून म्हणाल्या, "होती. बरीच आधीपासून होती."

व्हर्लीनने फाईल बंद करून पर्समध्ये ठेवली. जनेसाचा हात धरून म्हणाली, "करून घे, बाळ. मी थांबते तुझ्यापाशी." जनेसाचं सगळं ठीक झालं. ती शुद्धीवर येईपर्यंत व्हर्लीन बाहेर बसून होती. मी शेजारी बसायला गेले तर तिने मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली.

परवा पहिला रविवार होता. सकाळी ती माझ्या दारात आली. हातात तिचा पांढरा ड्रेस, धुतलेला, इस्त्री केलेला, वर हातमोजे.

"तुला फार आवडायचा ना पांढरा," ती म्हणाली. "घे. तूच उभी राहा."

आणि गाडीत बसून निघून गेली. चर्चला आली नाही. ड्रेस माझ्या अंगाला बरोबर बसतो.