दुसऱ्यांदा म्हटलेली अंगाई

आमच्या शाळेची सहल दरवर्षी वणीला जायची. गड चढायचा, डबे खायचे, उतरताना कुणाची तरी चप्पल तुटायची. मी सातवीत असताना मात्र मराठीच्या बाईंनी हट्ट धरला की यंदा पोरांना संगीत नाटक दाखवायचं. शहरातल्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता. बाईंनी आधी वर्गात सगळं समजावून सांगितलं. गाणं आवडलं तर ‘वन्समोर’ म्हणायचं, मग ते पुन्हा म्हणतात. शिट्ट्या मारायच्या नाहीत. झालं, मुलांच्या हातात कोलीतच मिळालं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की वन्समोर, कुणाला उलटी झाली की वन्समोर. शहरातला रविवार कारंजा येईपर्यंत बाईंचं डोकं उठलं होतं.

मला बाईंनी स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं होतं. त्याला कारण होतं. त्या पावसाळ्यात माझी आई गेली होती. तापाचं निमित्त झालं आणि गेली. आणि मी रडले नव्हते. आमच्या मळ्याच्या आसपास आईच्या जाण्यापेक्षा माझ्या न रडण्याचीच चर्चा जास्त झाली. भेटायला येणाऱ्या बायका आधी माझे डोळे बघायच्या. घर सांभाळायला आलेली आत्या प्रत्येकीला सांगायची, “पोरीच्या डोळ्याला पाणी नाय अजून. हे काय बरं लक्षण नाय.” मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. आई परत येईल असं मला वाटत होतं असं नाही, तेवढी काही मी लहान नव्हते. पण ती गेली हेही मला पटलेलं नव्हतं. मी मधेच कुठेतरी अडकून बसले होते आणि तिथे मला बरं वाटत होतं.

नाटक राजाराणीचं होतं. पहिल्या अंकात पत्र्याच्या तलवारी बघून आमची मुलं खुसखुसली, बाईंनी दोघांचे कान पिळले. दुसऱ्या अंकात राजवाड्यातल्या एका दासीचं घर दाखवलं. ती दासी आमच्याकडे अर्धी पाठ करून सुपात तांदूळ निवडत बसली होती, शेजारी चटईवर तिची मुलगी झोपली होती. निवडता निवडता तिने अंगाई सुरू केली. आवाज अगदी बारीक, कुणी ऐकतंय हे जणू तिला माहीतच नव्हतं. मधेच ओळ तोडून ती मुलीला म्हणाली, “पाय आत घे गं, गार लागंल.” आणि जिथे तुटली होती त्याच शब्दापासून तिने ओळ पुन्हा उचलली.

माझ्या अंगावर काटा आला. माझी आई अशीच गायची. संध्याकाळी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसली की तिचं गुणगुणणं सुरू व्हायचं. मधेच थांबून “सुतळी सरकव इकडं” म्हणायची आणि गाणं होतं तिथून पुढे. तिचा गळा काही खास नव्हता. पण ते थांबणं आणि पुन्हा उचलणं तिचंच होतं. ते आता समोर, दिव्यांच्या उजेडात, चाललं होतं.

अंगाई संपली. कुणी टाळी वाजवायच्या आत मी उभी राहून ओरडले, “वन्समोर.” बाई दचकल्या. मग आमचा अख्खा वर्ग ओरडला, मागून मोठी माणसंही ओरडली.

दासीचं काम करणारी ती बाई उठली. सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला, पुढे येऊन तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवली. मग ती गायली. आता आवाज मोकळा, भरलेला होता. एकेका शब्दावर ताना घेत होती. लोक वा वा करत होते. “काय गळा आहे,” बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. चटईवरची मुलगी डोळे उघडून मांडी खाजवत होती. पाय आत घे असं तिला कुणी म्हणालं नाही.

मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. मघाची ती कुठेच नव्हती. आणि तेव्हा मला कळलं की माझी आई मेली आहे. इतके दिवस सगळे सांगत होते ते हेच.

मुलांना चेव चढला होता. त्यांनी पुन्हा वन्समोरचा गिल्ला केला. “बाई, तिला पुन्हा गाऊ नको म्हणावं,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. बाईंनी मला बाहेर नेलं, पाणी पाजलं, काय झालं म्हणून चारदा विचारलं. आत तिसऱ्यांदा तेच गाणं चाललं होतं.

घरी आले तेव्हा माझे डोळे सुजले होते. आत्याने बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. “रडली एकदाची,” ती बाबांना म्हणाली, “मोकळी झाली पोर.” बाबा जेवत होते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि काय झालं ते विचारलं. मी त्यांना सांगितलं, नाटकातली एक बाई अगदी आईसारखं गायली म्हणून.

बाबांचा हात ताटातच थांबला. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं.

“कसं?” ते म्हणाले. “म्हणून दाखव बरं.”

मी तोंड उघडलं. आलं ते दुसऱ्या वेळचं, तानांचं. मी थांबले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच आलं. पहिलं कसं होतं ते डोक्यात होतं, पण गळ्यात उतरेना. मग आईचं आठवायला गेले, तर त्याच्यावरही त्या बाईचाच आवाज चढून बसलेला. आत्या म्हणाली, “राहू दे आता, दमलीय ती.” हात तसाच ताटात ठेवून बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते.