बोटावर अडलेलं ऑपरेशन

माझ्या हर्नियाचं ऑपरेशन माझ्या बोटामुळे अडलं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी नागपुरात एका शाळेत पीटी शिकवायचो. रामदासपेठेतल्या नर्सिंग होममध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नवंकोरं यंत्र आणलं होतं. बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन आकड्यात दिसायचा. (वॉर्डातले पेशंट ते बघायला दारातून डोकावत.) माझ्या बोटाला चिमटा लागला. आकडा आला पंच्याऐंशी.

"किती बिड्या पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"यंत्र खोटं नाही बोलत, सर."

म्हणजे मी बोलत होतो! त्यांनी माझ्या तोंडावर ऑक्सिजन लावला. आकडा हलेना. बोट बदललं. तरी तेच. मग त्यांनी चिमटा स्वतःला लावला, अठ्ठ्याण्णव. माझ्या बायकोला, शालूला लावला, तर नव्व्याण्णव. त्याचा आनंद मानायचा सोडून ती माझ्याकडे वळली.

"शाळेच्या मागं बिड्या पिऊन राहिले तुम्ही. अन् मले इतके वर्षं पत्ता नाही."

छातीचा फोटो काढला, स्वच्छ. हृदय तपासलं, ठणठणीत. तरी मला पलंगावरून उतरू देईनात. रोज सकाळी अंबाझरी तलावापर्यंत पळून येणारा माणूस मी, आणि संडासला जायचं तर चाकाच्या खुर्चीतून!

ही बातमी उमरेडला पोचेपर्यंत 'बापूच्या अंगातला ऑक्सिजन संपून राहिला' अशी झाली होती. माझी थोरली बहीण, माई, मिळेल त्या एसटीनं आली आणि दारातच रडायला लागली. मी जेवत होतो.

"काहून गा बापू, कसं वाटून राहिलं आता?"

"भूक लागून राहिली."

"शेवटी शेवटी लागते," माई डोळे पुसत म्हणाली.

तिला शांत करायला डॉक्टरांनी चिमटा तिच्या बोटाला लावला. एक्क्याऐंशी.

"आता इलेही विचारा, किती बिड्या पिते ते," मी म्हणालो.

माईनं डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. उलट आमच्या दोघांच्या मनगटात खोल सुई घालून रक्त घेतलं. त्यात ऑक्सिजन पुरेपूर होता. मग रक्ताचे नमुने मुंबईला गेले. तिथून कळलं, आमचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच निराळ्या घडणीचं आहे. असं फार थोड्या घराण्यांत सापडतं. अपाय काही नाही. फक्त चिमट्यातल्या उजेडाला त्या रक्ताचा रंग नीट वाचता येत नाही.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. "बिड्यांचं मी उगाच बोलली," शालू म्हणाली आणि माझ्या उशाशी बसून संत्री सोलू लागली. मी मात्र दुर्मिळ रक्ताच्या विचारानं फुगलो होतो. लाखांत एखादाच असा माणूस, आणि तो मी!

पुढे उमरेडला भाच्याच्या लग्नात एका पाहुण्यांनी माझी चारचौघांत ओळख करून दिली. "दुर्मिळ रक्तवाल्या माई आहेत ना, त्यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्यातही थोडंसं उतरलं म्हणते."